प्रलय हा तोफखान्याचा गोळा आहे

'प्रलय' या नावानेच अर्धा घोळ घातला आहे. 2025 च्या प्रजासत्ताक दिनी हे क्षेपणास्त्र कर्तव्यपथावरच्या संचलनात दिसले. त्याच वर्षी 28 आणि 29 जुलैला ओडिशाच्या किनाऱ्याजवळील डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम बेटावरून त्याच्या लागोपाठ दोन चाचण्या झाल्या. पुढचे तीन आठवडे सरायच्या आत पाकिस्तानने स्वतंत्र 'आर्मी रॉकेट फोर्स' उभारण्याची घोषणा केली. तेव्हापासून पणजीतल्या व्याख्यानांत, वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत आणि म्हापसा-मडगावच्या हॉटेलांतल्या गप्पांत हा विषय निघाला की दोनच बाजू उभ्या राहतात. एक म्हणते, आता रणगाडे कशाला आणि विमाने कशाला, बटण दाबले की काम फत्ते. दुसरी म्हणते, हा अणुयुद्धाचा जिना आहे आणि आपण पहिली पायरी चढलो. दोघांचे एकमेकांशी जराही पटत नाही, पण समजूत दोघांचीही एकच: हे ब्रह्मास्त्र आहे, एकदा सुटले की सारे संपले.

ते तसे नाही. प्रलय हा तोफखान्याचा लांब पल्ल्याचा गोळा आहे, आणि गोळ्याबद्दल जे प्रश्न विचारतात तेच त्याच्याबद्दल विचारायला हवेत. किती आहेत? कुठे आणि कसे साठवलेत? कशावर टाकायचे? लागला की हुकला हे कोण सांगणार? परवा टाकायला उरतील का? आणि याच्या जोडीला एक पथ्य: हा गोळा कायम गोळाच राहावा. त्याच्या टोकाला अणुबॉम्ब कधी बसू नये, आणि तो बसलेला नाही हे समोरच्यालाही ओळखता यावे. हिशेब आणि पथ्य दोन्ही सांभाळली तर हे शस्त्र भारताला हवेच आहे. त्यांतले एक जरी सुटले तरी ते संचलनापुरते उरेल किंवा त्याहून वाईट, आपल्यालाच गोत्यात आणेल.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. प्रलयचा पल्ला 150 ते 500 किलोमीटर. पहिल्या चाचण्या 22 आणि 23 डिसेंबर 2021 च्या. हैदराबादच्या 'रिसर्च सेंटर इमारत' या प्रयोगशाळेने इतर प्रयोगशाळांना सोबत घेऊन ते घडवले. ते शेकडो किलोंचे साध्या स्फोटकांचे वॉरहेड (टोकाचा स्फोटक भाग) नेते, ट्रकवरून सुटते आणि नेहमीच्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्रापेक्षा चपट्या वाटेने जाऊन वाटेत वळणेही घेऊ शकते. फेकलेला दगड कुठे पडणार हे त्याच्या पहिल्या झेपेवरून सांगता येते, वाटेत वळणाऱ्याचे सांगता येत नाही. अडवणाऱ्या यंत्रणेची अडचण तिथेच होते.

त्याच्या आधीचे 'पृथ्वी' 25 फेब्रुवारी 1988 ला पहिल्यांदा उडाले. त्याचे इंधन द्रवरूप. इंधनासोबत धुमसणारे नायट्रिक आम्ल लागते, आणि ते कातडी, फुप्फुस आणि धातू यांपैकी कशाचीच गय करत नाही. म्हणजे क्षेपणास्त्राच्या ट्रकमागे इंधनाचा टँकर, आम्लाचा टँकर, धुण्याच्या पाण्याचा टँकर आणि संरक्षक पोशाखातली माणसे असा सगळा लवाजमा. इतका मोठा ताफा उपग्रहाच्या नजरेतून सुटणे अवघड. प्रलयचे इंधन घन आहे. ते कारखान्यातच भरले जाते. आघाडीवर उरतात ती पाच-सहा कामे: जागेवर पोचायचे, जॅकवर ट्रक समतल करायचा, दिशादर्शक यंत्रणा जुळवायची, लक्ष्याचे आकडे भरायचे, नळकांडे उभे करून डागायचे आणि तिथून निघायचे. शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण सुटलेल्या क्षेपणास्त्राचा माग काढत शत्रूचे रडार सुटल्या जागेपर्यंत पोचते.

घन इंधन म्हणजे काळजी संपली असे मात्र नाही. अशा इंधनात साधारणपणे अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची भुकटी आणि त्यांना बांधून ठेवणारे रबरासारखे द्रव्य असते. हे मिश्रण नळीत ओतून जमवतात. त्याला वर्षानुवर्षे ऊन, थंडी आणि ट्रकचे हादरे सोसावे लागतात. कुठे केसाएवढी भेग पडली किंवा नळीच्या भिंतीपासून इंधन जरासे सुटले, तर पेटल्यावर जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, आतला दाब ठरल्यापेक्षा चढतो आणि नळी फुटते. म्हणून क्ष-किरणांनी तपासणी, ठरावीक तापमानाची कोठारे आणि मुदत भरली की माघारी बोलावणे हे सगळे आले. पावसाळ्यात गोव्यातल्या कुठल्याही घरात मिठाच्या बरणीला पाणी सुटते. परक्लोरेटही क्षारच आहे, दमट हवा त्याला आणि त्याला धरून ठेवणाऱ्या द्रव्याला मानवत नाही. क्षेपणास्त्राची किंमत सांगताना या कोठारांचा, यंत्रांचा आणि ती चालवणाऱ्या माणसांचा खर्च कुणी धरत नाही. धरला पाहिजे.

आता 'बटण दाबले की काम फत्ते' म्हणणाऱ्यांकडे वळू. साधे भौतिकशास्त्र लावले तर 500 किलोमीटरवर फेकलेल्या वस्तूला पोचायला सव्वापाच मिनिटांच्या आसपास लागतात, 150 किलोमीटरला तीनेक मिनिटे. ताशी 20 किलोमीटरने चाललेला रणगाड्यांचा ताफा सव्वापाच मिनिटांत पावणेदोन किलोमीटर पुढे जातो. आणि ही वेळ फक्त उड्डाणाची. ड्रोनने ताफा पाहिला, चित्र खाली आले, कुणीतरी ओळखले, वरिष्ठाने होकार दिला, ट्रक जागेवर आला, यात अर्धा तास गेला तर ताफा दहा किलोमीटर दूर असतो. तेव्हा अशा क्षेपणास्त्राचे खरे लक्ष्य म्हणजे जागचे न हलणारे: पूल, दारूगोळ्याची आणि इंधनाची कोठारे, रडार, मुख्यालये, बोगद्यांची तोंडे आणि धावपट्ट्या.

धावपट्टीचे उदाहरण गोव्याइतके जवळून क्वचितच कुठे मिळेल. गोवामुक्तीच्या कारवाईत 18 डिसेंबर 1961 च्या सकाळी पुण्याहून निघालेल्या 12 कॅनबेरा विमानांनी पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दाबोळीच्या धावपट्टीवर 63,000 पौंड, म्हणजे 28 टनांहून अधिक बॉम्ब टाकले. नंतर दुसरी फेरीही झाली. विमानतळाची इमारत आणि इतर सोयी वाचवायच्या, फक्त धावपट्टी फोडायची, असा हुकूम होता आणि तो पाळला गेला. आकाशात अडवायला शत्रूचे एकही लढाऊ विमान नव्हते. दिवस लख्ख होता, लक्ष्य उघडे होते. तरीही त्याच रात्री, खड्डे घाईघाईने बुजवून, दाबोळीवर उभी असलेली दोन प्रवासी विमाने उरल्यासुरल्या धावपट्टीवरून उडाली आणि कराचीला पोचली. एक चार इंजिनांचे डीसी-4 आणि दुसरे त्याहून मोठे सुपर कॉन्स्टेलेशन. 28 टन बॉम्ब, आणि बारा-चौदा तासांत धावपट्टी वापरात.

आजचे क्षेपणास्त्र कॅनबेराच्या बॉम्बपेक्षा कितीतरी नेमके आहे, हे खरे. मग हिशेबच करू. समजा धावपट्टी 3,000 मीटर लांब आणि 45 मीटर रुंद आहे. अडचणीच्या वेळी लढाऊ विमानाला साधारण 1,500 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद पट्टा पुरतो. तो कुठेच शिल्लक राहू नये म्हणून धावपट्टी किमान दोन ठिकाणी आडवी कापावी लागेल. 45 मीटरच्या रुंदीत 15 मीटरची फट राहू नये तर प्रत्येक कापाला एका ओळीत तीन खड्डे हवेत. क्षेपणास्त्राची अचूकता 10 मीटर म्हणजे निम्मी क्षेपणास्त्रे 10 मीटरच्या वर्तुळात पडतात. निम्मी त्याच्या बाहेर. तेव्हा तीन खड्डे हव्या त्या जागी पडायला पाच-सहा तरी डागावी लागणार. दोन कापांना दहा-बारा. शेजारची टॅक्सी-वे (विमानांना धावपट्टीपर्यंत नेणारी वाट) धावपट्टीसारखी वापरता येते, ती धरा. काही वाटेत पाडली जातील, ती धरा. एका तळाला पंधरा क्षेपणास्त्रे हा आकडा मुळीच फुगवलेला नाही. एकाच वॉरहेडमधून पसरणाऱ्या, काँक्रीटमध्ये घुसून फुटणाऱ्या छोट्या बॉम्बनी तो खाली येतो, पण एकावर येत नाही.

आणि तळाचे लोक हातावर हात ठेवून बसत नाहीत. न फुटलेले बॉम्ब आधी निकामी करायचे (सगळ्यात वेळखाऊ काम हेच), उचकटलेले काँक्रीट बाजूला ओढायचे, खड्ड्यात खडी भरून दाबायची, वर लवकर घट्ट होणारे काँक्रीट घालायचे किंवा जाड चटई ठोकायची. सराव असलेली तुकडी काही तासांत पट्टा मोकळा करते. 2022 च्या डिसेंबरात सुमारे 120 प्रलय घेण्यास संरक्षण मंत्रालयाने मंजुरी दिल्याच्या बातम्या होत्या. वरच्या हिशेबाने 120 म्हणजे आठ तळ, तेही एका दिवसापुरते. दुसऱ्या दिवशी काय? ब्रह्मास्त्र म्हणणाऱ्यांकडे या प्रश्नाचे उत्तर नाही, कारण ब्रह्मास्त्राला दुसरा दिवस नसतो. दारूगोळ्याला असतो.

मग विमानेच का नकोत? या लेखाला विरोध करणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे आणि तो मान्य करून पुढे जायला हवे. सुखोई-30 एका खेपेत कित्येक टन बॉम्ब नेते, परत येते आणि पुन्हा नेते. क्षेपणास्त्राची पहिली खेप हीच शेवटची. टनामागे पैसे मोजले तर विमान नेहमीच जिंकते. ड्रोनही जिंकते. मग शेकडो किलो पोचवायला एवढे महागडे यंत्र एकदाच का जाळायचे?

कारण पहिल्या काही तासांत विमान तिथपर्यंत जाऊ शकेलच याची खात्री नसते. शत्रूची विमानविरोधी यंत्रणा जागी असते तोवर प्रत्येक खेपेत वैमानिक पणाला लागतो. ती यंत्रणा आंधळी करायची तर तिची रडारे आणि मुख्यालये आधी पडली पाहिजेत, आणि तिथे पाच मिनिटांत पोचणारे, अडवायला अवघड असे काहीतरी हवे. ताशी 180 किलोमीटरने जाणाऱ्या शाहेदसारख्या ड्रोनला 500 किलोमीटर जायला पावणेतीन तास लागतात. त्यातले पन्नासेक किलोंचे स्फोटक पत्र्याचे छप्पर उडवते, जमिनीखालच्या काँक्रीटला ओरखडाही काढत नाही. म्हणजे क्षेपणास्त्राने दार फोडायचे, विमानाने घरात शिरायचे आणि ड्रोनने पहारेकऱ्याला झोपू द्यायचे नाही. तिघांची कामे वेगळी आहेत. एकाच्या जागी दुसरे बसवण्याचा वाद मुळातच चुकीचा आहे.

उत्तरेच्या डोंगरात तर विमानांपुढे आणखी अडचण आहे. लेहपासून होतानचा चिनी तळ सरळ रेषेत 400 किलोमीटरच्या आत आहे, न्गारी गुनसा त्याहून जवळ. गंगटोकपासून शिगात्से अडीचशे किलोमीटरच्याही आत येते. हे सगळे प्रलयच्या पल्ल्यात. तिबेटच्या पठारावर हवा विरळ असल्याने चिनी विमानांना पूर्ण इंधन आणि शस्त्रे घेऊन उडणे जड जाते. लेहसारख्या आपल्या उंचावरच्या तळांनाही तोच जाच आहे. ट्रकवरच्या क्षेपणास्त्राला मात्र धावपट्टीच लागत नाही, आणि त्याला उंचीचा फारसा अडसर नाही. हा फायदा कागदावरचा नाही, भूगोलाने दिलेला आहे.

क्षेपणास्त्रांनी युद्धात प्रत्यक्षात काय होते हे युक्रेनने दाखवले. 2022 च्या जुलैपासून युक्रेनने खेरसोनजवळच्या अँतोनिव्का पुलावर हायमार्स या ट्रकवरच्या अमेरिकी प्रक्षेपकांवरून रॉकेटे मारली. प्रत्येकाचे वॉरहेड सुमारे 90 किलोंचे. पुलाच्या डांबरात एका ओळीत भोके पडली, पण पूल कोसळला नाही. रशियनांनी भोके बुजवली, ती पुन्हा पडली. अवजड वाहने बंद झाली, मग तराफे आणि बार्ज आले, मग त्यांच्यावरही मारा सुरू झाला. नोव्हेंबरात रशियन सैन्य नीपर नदीच्या पश्चिम काठावरून मागे हटले. कोणत्या रॉकेटने युद्ध जिंकले? कोणत्याच नाही. चार महिने रोज रसद तोडत राहण्याने ते साधले. त्याच उन्हाळ्यात दारूगोळ्याची मोठी कोठारे उडू लागल्यावर रशियाने ती आघाडीपासून दूर नेली, आणि तोफांपर्यंत गोळा पोचायला ट्रकांच्या जास्त फेऱ्या लागू लागल्या. 17 ऑक्टोबर 2023 ला बर्दियान्स्क आणि लुहान्स्कच्या तळांवर त्याहून लांब पल्ल्याची अमेरिकी एटॅकम्स क्षेपणास्त्रे पडली, तेव्हाही परिणाम तसाच झाला: हेलिकॉप्टरांना मागे सरकावे लागले. शत्रूला मागे सरकायला लावणे, विखरून टाकणे, त्याची प्रत्येक हालचाल महाग करणे, हे या शस्त्राचे खरे काम आहे. त्यासाठी पल्ल्यापेक्षा साठा मोठा लागतो.

1683 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर तोफा घेऊन आला, तेव्हा तटाला खिंडार पडलेही होते. पण खिंडारातून आत शिरून टिकून राहील अशी फौज आणि मागची वाट राखेल अशी ताकद त्याच्याकडे नव्हती. संभाजी महाराज मदतीला पोचले आणि त्याला माघार घ्यावी लागली. पाठोपाठ मराठे जुवें बेटावर उतरले आणि खुद्द गोवा शहर हादरले. भिंत फोडण्याची क्षमता आणि लढाई जिंकण्याची क्षमता यांत किती अंतर असते हे फोंड्याच्या मातीने साडेतीनशे वर्षांपूर्वी दाखवले आहे. प्रलयने खिंडार पाडल्यावर आत कोण शिरणार, किती वेळात शिरणार, या प्रश्नाचे उत्तर आधी तयार नसेल तर 120 काय आणि 500 काय.

आपण मारणारे आहोत तसेच मार खाणारेही होऊ शकतो, याचाही विचार हवा. कराचीपासून गोवा बाराशे किलोमीटरहून दूर आहे. कमी पल्ल्याचे कोणतेही क्षेपणास्त्र इथवर येत नाही, म्हणून 'आपल्याला काय त्याचे' अशी भावना इथे सहज होते. पण दाबोळी हा आजही 'आयएनएस हंसा'चा नौदल तळ आहे, प्रवासी वाहतूकही त्याच धावपट्टीवरून होते, आणि लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे शेजाऱ्यांकडे आहेत. 1961 चा धडा उलटा वाचला तर बचावाची रीत कळते: धावपट्टी बुजवायचे साहित्य हाताशी ठेवा, दुसरी धावपट्टी तयार ठेवा. मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हा चर्चा फक्त पर्यटकांची झाली, पण संरक्षणाच्या नजरेने पाहिले तर तेव्हाच गोव्याला दुसरी धावपट्टी मिळाली. 2015 मध्ये यमुना एक्स्प्रेस-वेवर मिराज विमान उतरवले गेले, त्यामागचा विचारही हाच होता. वेर्‍याच्या नौदल युद्ध महाविद्यालयात वरिष्ठ अधिकारी डावपेच शिकतात. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपण सामान्य माणसांनीही या चर्चेत निदान हिशेबाने बोलावे.

आता दुसऱ्या बाजूकडे. अणुयुद्धाची भीती घालणाऱ्यांची चेष्टा करणे सोपे आहे आणि चूकही आहे. त्यांचा मुद्दा खरा आहे. क्षेपणास्त्र पाच मिनिटांत पोचते म्हणजे समोरच्याला विचार करायलाही पाचच मिनिटे मिळतात. रडारवर दिसणाऱ्या ठिपक्यावर 'साधे स्फोटक' किंवा 'अणुबॉम्ब' असे लिहिलेले नसते. आणि चुका होतात. 9 मार्च 2022 ला भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. त्याच्या टोकाला स्फोटक नव्हते, जीवितहानी झाली नाही. भारताने चूक जाहीरपणे मान्य केली ती 11 मार्चला. पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. ते क्षेपणास्त्र युद्धाच्या ऐन तापलेल्या दिवशी सुटले असते तर? हा प्रश्न विचारणारा भित्रा नाही, जबाबदार आहे.

पण या भीतीचे उत्तर क्षेपणास्त्र न करण्यात नाही. खरा धोका लहान पल्ल्याच्या क्षेपणास्त्रावर अणुबॉम्ब बसवण्यात आहे, आणि ते पाकिस्तानने केले आहे. 19 एप्रिल 2011 ला त्याने 'नस्र'ची पहिली चाचणी केली. पल्ला 60 किलोमीटर, पुढे 70 सांगितला गेला. संसदेवरील हल्ल्यानंतर 2001-02 मध्ये ऑपरेशन पराक्रममध्ये आपले सैन्य सीमेवर जमायला आठवडे लागले. त्यातून 2004 च्या सुमारास झटपट, मर्यादित चढाईचा विचार पुढे आला. त्या चढाईला रोखण्यासाठी नस्र आहे, असे पाकिस्तान उघड सांगतो. मग आपल्याकडचे काही अभ्यासूही म्हणू लागले की प्रलयवर छोटा अणुबॉम्ब बसवा, जशास तसे.

हा मार्ग शीतयुद्धात चालून पाहिलेला आहे. 1955 मध्ये नाटोने पश्चिम जर्मनीत 'कार्ट ब्लांश' हा सराव केला. 335 अणुबॉम्ब टाकल्याची कल्पना केली. अंदाज आला 17 लाख जर्मन मृत आणि 35 लाख जखमी, किरणोत्सर्गाचे बळी वेगळे. ज्यांचे रक्षण करायचे तेच मेले. 1961 पासून अमेरिकेने 'डेव्ही क्रॉकेट' नावाचे, दोन ते चार किलोमीटर पल्ल्याचे, हातावर मोजता येतील एवढ्या सैनिकांनी चालवायचे अणुशस्त्र युरोपात तैनात केले. ते आघाडीच्या इतके जवळ होते की शत्रू पुढे आला तर वापरा किंवा गमवा, हेच दोन पर्याय उरत. 1971 पर्यंत ते मागे घेतले गेले. 27 सप्टेंबर 1991 ला अमेरिकेचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी जमिनीवरून डागायची सगळी कमी पल्ल्याची अणुशस्त्रे परत आणून नष्ट करण्याची घोषणा केली. तीस वर्षे ज्यांनी ही शस्त्रे सांभाळली त्यांनीच ती टाकून दिली. पंजाबच्या मैदानात, सीमेपासून पंचवीसेक किलोमीटरवर लाहोर असताना, ती आपण उचलायची का? रणगाड्याचे जाड पोलाद आतल्या माणसाला बरेच वाचवते. ताफा विखुरलेला असेल तर एका छोट्या अणुस्फोटात मोजके रणगाडे निकामी होतील, आणि वारा वाहील त्या दिशेचे शेतकरी मात्र मरतील, मग ते कोणत्याही देशाचे असोत.

भारताचे अणुधोरण 4 जानेवारी 2003 ला जाहीर झाले: पहिला वापर आपण करणार नाही, आपल्यावर झाला तर प्रत्युत्तर असह्य असेल. या धोरणात छोट्या अणुबॉम्बला जागाच नाही. असह्य प्रत्युत्तर लांब पल्ल्याच्या शस्त्रांनी द्यायचे असते, आघाडीच्या ट्रकवरून नव्हे. म्हणून प्रलय अण्वस्त्राविना आहे हीच त्याची ताकद. अणुरेषा न ओलांडता शत्रूला जबर किंमत मोजायला लावण्याचे ते साधन आहे. नस्रला उत्तर म्हणून प्रलयवर अणुबॉम्ब बसवणे म्हणजे स्वतःच्या हातातला हुकमाचा पत्ता फाडणे.

इथे विरोधकांचा शेवटचा मुद्दा उरतो: तुम्ही 'साधे' म्हणाल, समोरच्याने का मानावे? शब्दांवर कुणी विश्वास ठेवत नाही, ठेवूही नये. विश्वास दिसणाऱ्या व्यवस्थेवर बसतो. 31 डिसेंबर 2015 ला उभे राहिलेले चीनचे रॉकेट दल अण्वस्त्रेही हाताळते आणि साधी क्षेपणास्त्रेही. जनरल बिपिन रावत यांनी 2021 मध्ये भारतासाठी रॉकेट दलाचा विचार बोलून दाखवला होता. ते उभारायचे तर चीनचा हा साचा मुळीच घेऊ नये. प्रलय तोफखान्याचे असावे. त्याची कोठारे, ट्रक, संदेशवहन आणि सराव अण्वस्त्रे सांभाळणाऱ्या स्ट्रॅटेजिक फोर्सेस कमांडपासून इतके वेगळे असावेत की वरून पाहणाऱ्या उपग्रहालाही फरक कळावा.

आणि त्याआधी एक काम करायचे आहे, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. 17 जुलै 2025 ला, प्रलयच्या चाचणीच्या अवघे 11 दिवस आधी, त्याच ओडिशाच्या किनाऱ्यावरून पृथ्वी-2 ची चाचणी झाली. ती घेतली स्ट्रॅटेजिक फोर्सेस कमांडने. पृथ्वी-2 चा पल्ला 350 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे प्रलयच्या पल्ल्याच्या मधोमध, आणि ते अण्वस्त्र वाहू शकते. सीमेजवळून सुटलेल्या ठिपक्याकडे पाहणाऱ्या पलीकडच्या अधिकाऱ्याला हे प्रलय की पृथ्वी हे कसे कळावे? जोवर आपल्याकडे याच पल्ल्यात अण्वस्त्र वाहणारे जुने क्षेपणास्त्र आहे तोवर 'प्रलय साधे आहे' या वाक्याला अर्धीच किंमत आहे. अणुप्रत्युत्तरासाठी अग्नी मालिका आणि पाणबुड्या आहेत. आम्ल आणि टँकर घेऊन फिरणाऱ्या पृथ्वी-2 ला त्या कामातून निवृत्त करावे आणि ते जाहीरपणे करावे. भारत आणि पाकिस्तान यांच्यात 3 ऑक्टोबर 2005 चा करार आहे: बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची आगाऊ सूचना एकमेकांना द्यायची. मियाँ चन्नूला पडले ते क्रूझ क्षेपणास्त्र, म्हणजे विमानासारखे हवेतून उडत जाणारे होते, आणि क्रूझ क्षेपणास्त्रे त्या करारात येत नाहीत. पृथ्वी-2 निवृत्त करतानाच भारताने ती करारात घेण्याचा आणि चुकून सुटलेल्या क्षेपणास्त्राची खबर काही मिनिटांत देण्याची बांधिलकी दोघांनी स्वीकारण्याचा प्रस्ताव पाकिस्तानपुढे ठेवावा.